सात दिवस पाणी ओलांडू नये

तिलकधारी मास्तर जॉर्जटाउनहून परतला तो शनिवारी भर दुपारी. येताना त्याने तीन गोष्टी आणल्या होत्या. पुतणीसाठी बिस्किटांचा डबा, स्वतःच्या पायात नवा जोडा आणि एक बातमी. जोडा चावत होता आणि बातमी पोटात मावत नव्हती. भाड्याच्या मोटारीतल्या चारही उतारूंना ती सांगून झाली होती. त्यातला एक बहिरा निघाला, त्याला दोनदा.

बातमी अशी की सरकारने नवं खातं काढलं होतं. देशभर हिंडून जुनी भुतंखेतं कागदावर उतरवून घ्यायला त्या खात्याला माणूस हवा होता. जीप मिळणार होती, चालक मिळणार होता, टेपरेकॉर्डर आणि दारावर नावाची पाटी. सव्वीस वर्षं रुस्तहोफच्या शाळेत पाढे घोकवून घेणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून एकेक जंबी, म्हणजे भूत, वहीत पकडणाऱ्या तिलकधारीला खात्याच्या साहेबांनी खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या पुस्तकातलं आम्हाला काय आवडलं सांगू? त्यात तुमचं स्वतःचं काहीच नाही. ऐकलं तसं लिहिलंत." मास्तरने मान खाली घातली. साहेबांना तो विनय वाटला. सही सोमवारी करायची होती.

घराच्या फाटकाशी उतरला तेव्हा उंच खांबांवरच्या त्या घराखालच्या सावलीत पंधरावीस माणसं बसली होती आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. रुस्तहोफमध्ये इतकी माणसं गप्प बसली की समजावं, एकतर कोणी गेलंय, नाहीतर पानं वाढलीत. चुलाण्यावर सात भाज्यांची सात पातेली रटरटत होती, म्हणून त्याला आधी बरं वाटलं. मोटारीचा चालकही वासाने खाली उतरून पंगतीच्या कडेला जाऊन टेकला. मग तिलकधारीची नजर मागे सावरीच्या झाडाकडे गेली. झाडाखाली डचमनची पूजा मांडलेली होती.

डचमन म्हणजे जमिनीचा जुना मालक. मरून दोनशे वर्षं झाली, पण जमीन अजून त्याचीच. भात कापला की वर्षातून एकदा त्याला रम, सिगारेट आणि पांढरा कोंबडा द्यायचा. इथे तर भात अजून हिरवा होता. आणि डचमनच्या पानाशेजारी दुसरं पान होतं. त्यावर अळणी भात आणि एक कंगवा. ते मॅडमचं.

"भय्या, काय झालं?"

बुधराम, त्याचा थोरला भाऊ, पूजेचं पांढरं धोतर नेसून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. चाळीस वर्षं समुद्राच्या भरतीला कोकराची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, फळी पाडून अडवणारा माणूस. छाती दाराएवढी, पण आज खांदे पडले होते.

"सुमिंत्राला मॅडमने धरलंय."

"कोणी?"

"कोणी काय विचारतोस? तुझ्याच पुस्तकातल्या. बुधवारी संध्याकाळी झाडाखालून वाळत घातलेले कपडे आणायला गेली. आली ती पोट धरून. ओकत होती. मग ताप. गुरुवारपासून बडबडतेय, पांढऱ्या झग्यातली बाई खाटेच्या पायथ्याशी बसलीय म्हणून."

"आणि दवाखाना?"

सगळ्यांनी माना वळवल्या. झोक्यावर बसलेली रुक्मिन फुवा, दोघा भावांची एकुलती आत्या, वय ऐंशीच्या पुढे, दात तीन, ती खुदकन हसली. "घ्या! लिहिणाराच विसरला. मॅडमने धरलेल्या माणसाने..."

"सात दिवस पाणी ओलांडू नये," सावलीत बसलेल्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, शाळेतल्या पोरांसारखं. "ओलांडलं तर मध्यधारेत जीव सोडतो."

"पान एकशे अकरा," गावचा भूत उतरवणारा मातादीन ओझा गंभीरपणे म्हणाला. ओझाला अक्षरओळख नव्हती. पान मात्र पाठ होतं.

इस्पितळ नदीपलीकडे, न्यू अॅमस्टरडॅमला. अलीकडे फक्त कंपाउंडर.

"तो आला होता काल," बुधराम म्हणाला. "म्हणे पोट दगड झालंय, उजव्या अंगाला हात लावू देत नाही, अपेंडिक्स आहे, आत्ताच्या आत्ता बोटीवर घाला. चहा पाजला आणि पाठवला. शहरातलं पोर. त्याला इथलं काय कळणार?"

तिलकधारीच्या हातातला बिस्किटांचा डबा एकाएकी जड झाला.

आता ही मॅडम कुठून आली ते सांगायला हवं, कारण मागे आपण मास्तरच्या पुस्तकाचं कौतुक ऐकलंय, त्याची कुळकथा नाही. 'आमच्या बांधावरची भुतं' या पुस्तकात बारा गोष्टी. अकरा फुवाच्या तोंडच्या, अक्षर न अक्षर. छापणारा म्हणाला, अकरा म्हणजे कसंसंच वाटतं हो मास्तर, अंडीसुद्धा डझनाने विकतात. महिनाभर सायकल मारली, बारावं भूत काही भेटेना. मग एका रविवारी सकाळी, न्याहारीच्या रोटीबरोबर, तिलकधारीने एक डच बाई रचली. दुसऱ्या कोणाच्या रानात ठेवली असती तर भांडण झालं असतं, म्हणून आपल्याच सावरीखाली बसवली. तिला झगा दिला, कंगवा दिला, मीठ बंद केलं. शेवटी गोष्टीला नांगी हवी म्हणून ते सात दिवस. प्रस्तावनेत लिहिलं, 'यात माझं काही नाही.' पुस्तक निघालं, रविवारच्या रेडिओवर वाचलं गेलं, आणि पुढच्या भातकापणीला डचमनच्या पानाशेजारी दुसरं पान आलं. तिलकधारी तेव्हा घरामागे जाऊन पोट धरून हसला होता. दुसऱ्या वर्षी हसला नाही. तिसऱ्या वर्षी कंगवा त्यानेच आणला. त्या वर्षापासून लांबलांबच्या गावांतून माणसं येऊ लागली आणि बुधराम पांढरं धोतर नेसू लागला.

तो जिना चढून वर गेला. खोलीला कुलूप होतं. किल्ली फुवाच्या कमरेच्या दोऱ्याला.

"सुमी," त्याने दाराला तोंड लावलं. "बेटी, मी आलोय."

 आतून सोळा वर्षांच्या पोरीचा आवाज आला, पण म्हातारीसारखा कोरडा. "चाचा, हळू बोल. तिचा आत्ताच डोळा लागलाय."

तिलकधारी खाली आला तेव्हा त्याच्या पायात जोडा नव्हता. कुठल्या पायरीवर काढला ते त्याला नंतरही आठवलं नाही.

"ऐका," तो म्हणाला. "मॅडम नाही. कधीच नव्हती. ती मी रचली. झगा, कंगवा, सात दिवस, सगळं माझ्या डोक्यातलं. चारची बोट आहे. पोरीला खाली आणा."

कोणी जागचं हललं नाही. एकाने घसा खाकरला. मातादीन ओझा हळूच उठला, मास्तरभोवती एक चक्कर मारून आला आणि वास घेतल्यासारखं करून म्हणाला, "बोलतेय. याच्या तोंडून तीच बोलतेय. पाण्यावर न्यायला बघतेय पोरीला."

"मातादीन, तुझ्या आयला! मी शुद्धीवर आहे."

"बघा, शिव्यापण द्यायला लागला. मास्तर कधी शिव्या देतो का?"

लोकांना ते पटलं. मास्तर खरंच कधी शिव्या देत नसे.

"खोटी असती तर मी कशी पाहिली असती?" फुवाने झोका थांबवला. "पोर असताना पाहिलीय मी तिला. याच झाडाखाली. केस विंचरत होती."

"फुवा, तू मला अकरा गोष्टी सांगितल्यास. ही कुठे सांगितलीस?"

"तेव्हा आठवली नव्हती."

"आणि छापल्यावर आठवली?"

"हो! म्हाताऱ्या माणसाला आठवायला काहीतरी लागतं. हसताय काय?" कोणी हसलं नव्हतं. फुवाचा आवाज खाली आला, आणि आता तो फक्त त्याच्यासाठी होता. "तिलक्या, तुला कळतंय का काय करतोयस ते? तू एक खोटी म्हणालास की उद्या लोक म्हणतील बाकीच्याही खोट्या. माझ्या आजीने मुलखातून जहाजाने आणलेली चुडैल खोटी. माझा बाप ज्याच्याशी विडी ओढत बसायचा तो डचमन खोटा. ऐंशी वर्षांत माझ्याकडे दुसरं आहे काय? या अकरा."

 तिलकधारी भावाकडे वळला. "भय्या. तू बोल."

बुधराम धोतराचा सोगा चिमटीत धरून बसला होता. "काय बोलू? तू लिहिलंस तेव्हा म्हणालास खरं आहे. आज म्हणतोस खोटं आहे. मी कुठल्या तिलकचं ऐकू?"

"आजच्या."

"उद्या तिसरंच सांगशील. लिहिणाऱ्याचं काय, फळी वर, फळी खाली." मग मान वर न करता म्हणाला, "लोक काय म्हणतील? तीन वर्षं मी त्यांचे नवस त्या पानावर ठेवले. आणि आज स्वतःच्या पोरीवर वेळ आली तर बोट?"

चुलाण्यापाशी पळी आपटल्याचा आवाज आला.

जसोदरा, बुधरामची बायको, पोरीची आई. तीन दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. नुसतं रांधत होती. आता पदराने तोंड पुसत ती पुढे आली आणि दिरासमोर उभी राहिली.

"मास्तर, सोमवारी तुमची सही आहे ना म्हणे? मोटारवाल्याने आल्या आल्या सांगितलं."

"हो, भौजी."

"आज हे बोलल्यावर सही होईल?"

"नाही."

तिने ते ऐकून घेतलं. "मग एक सांगा. सातच दिवस का? पाच का नाही? नऊ का नाही?"

"आधी पाचच लिहिले होते."

"म्हणजे?"

"पाच लिहिले. थोडे वाटले. मग नऊ केले. नऊ दिवस कोण वाट बघणार? मग सात."

"कुठं केले?"

"वहीत. कच्च्या."

"आणा."

तिलकधारीचं घर त्याच आवारात, चिंचेपलीकडे. सडाफटिंग माणसाचं घर. भांडी तीन आणि वह्या चाळीस. तो अनवाणी धावत गेला. ट्रंका उपसताना त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण सगळं जपून ठेवतो ते बरं करतो. वही घेऊन आला तेव्हा धाप लागली होती. जसोदराने ती चुलाण्याच्या उजेडात धरली. अक्षर तिला येत नव्हतं. आकडे येत होते, भाताच्या पोत्यांवर खडूने आकडे घालण्यात तिचा जन्म गेला होता. तिने बोट ठेवलं. पाच. काट. नऊ. काट. परत पाच, त्यावर दोन काटा. मग सात.

"हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "सांगितलेलं माणूस असं खोडत नाही. हे मी मीठ घालते तसं आहे. चाखायचं, कमी. चाखायचं, जास्त." तिने वही मिटली. "बाईला स्वतःचे दिवस ठाऊक नसतात होय? फुवा, किल्ली द्या."

"मी नाही द्यायची."

"फुवा."

"ओझाला विचार!"

"ओझाला पोर नाही. तुम्हालाही नाही. मला आहे. किल्ली द्या, नाहीतर उसाची कत्ती घेते आणि बिजागऱ्या काढते. घर तुमच्या भावाने बांधलंय, दार तरी वाचवा."

फुवाने कमरेच्या दोऱ्याला हात घातला, पण सोडला नाही. तिने तिलकधारीकडे पाहिलं. त्या नजरेत भीक नव्हती, सौदा होता.

"माझ्या अकरा खऱ्या. बोल. सगळ्यांसमोर बोल."

आता गोष्ट अशी की मास्तरला स्वतःला त्यातल्या चार गोष्टींचा संशय होता. सहाव्या गोष्टीत तर मेलेली म्हैस वजाबाकी करते. पण घड्याळात अडीच वाजून गेले होते.

"फुवाच्या अकराही गोष्टी खऱ्या आहेत," तो मोठ्याने म्हणाला. "मी हात जोडून सांगतो. जे खोटं आहे ते माझं एकट्याचं."

दोरा सुटला. जसोदरा जिन्याकडे निघाली. पहिल्या पायरीवर बुधराम उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात कठड्याला लावले.

"जसोदरा. मध्यधारेत पोर गेली तर?"

"आणि खोलीत गेली तर?"

"तर मॅडमने नेली."

"आणि पाण्यात गेली तर मी नेली. चालेल. माझी आहे."

त्याने हात काढले नाहीत. ती वाकली आणि त्याच्या काखेखालून वर गेली.

झोळीत घालून पोरीला खाली आणलं, तेव्हा ती एका कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि तिचे ओठ फुटले होते. पंगत मागे सरली. मोटारीचा चालक पाचव्या भाजीवर होता. तो पान हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, माफ करा. हिला माझ्या गाडीत नाही. मला पोरंबाळं आहेत."

तेव्हा फुवा झोक्यावरून उतरली. पदर खोचला, काठी टेकत मोटारीपाशी गेली आणि पुढचं दार उघडून बसली.

"चल रे. माझ्या अकरा जंबी बसल्यात इथं. त्या याच्या एकीला पुरून उरतील. नाही चाललास तर त्यातली एक तुझ्या घरी राहायला पाठवते. म्हशीची पाठवते."

चालकाने पान ठेवलं आणि गाडीला हॅण्डल मारलं.

रोझिग्नॉलच्या धक्क्यावर चारची बोट साखळी सोडायच्या बेतात होती. झोळी पाहून खलाशी थांबले. बोटीवर भाताची पोती, दोन गाई, बाजारातून परतणाऱ्या बाया. बातमी त्यांच्याआधी पोचली होती, कारण बाया बाजूला सरकल्या आणि एकीने आपल्या पोराचे डोळे झाकले.

बर्बीस नदीचं पाणी चहासारखं तपकिरी. बोट निघाली तेव्हा सुमिंत्रा कण्हत होती. प्रत्येक हेलकाव्याला आईचा हात चावत होती. जसोदरा हात काढून घेत नव्हती. तिलकधारी कठड्याला टेकून पलीकडचा किनारा बघत होता. तो किनारा काही मोठा होत नव्हता.

बरोबर मध्यावर पोर गप्प झाली.

कण्हणं थांबलं. गुडघे सैल पडले. चेहरा निवळला. बायांमधून एक लांब श्वास उठला. कोणीतरी राम म्हटलं. जसोदराने वर पाहिलं, दिराकडे, आणि त्या बघण्यात प्रश्न नव्हता.

तेव्हा तिलकधारीने जे केलं ते त्याने पुढे कुठेच लिहिलं नाही. दुपारभर जी नाही नाही म्हणून घसा कोरडा केला होता, जिला स्वतःच्या हाताने रोटी खाताखाता घडवली होती, तिच्यासमोर तो मनातल्या मनात वाकला. बाई, त्याने म्हटलं, बाई, पाच कर. पहिल्यांदा पाचच लिहिले होते ना मी? तीन कर. तीन दिवस झालेत. तुझे दिवस माझ्या हातातले आहेत, मी सांगतो तीन. 

फुवाने वाकून पोरीच्या नाकापुढे आपलं बोट धरलं. बराच वेळ धरलं.

"चालू आहे," ती म्हणाली. "कोणी रडू नका अजून."

इस्पितळात डॉक्टर तरुण होता, बाह्या वर केलेला. पोटाला हात लावताच त्याचं तोंड बदललं. आत फुटलंय, म्हणून दुखायचं थांबलं, हे थांबणं वाईट. पोरीला ढकलगाडीवर घातलं. जाता जाता तो ओरडला, "तीन दिवस? तीन दिवस काय करत होतात तुम्ही?"

 फुवा छताकडे बघू लागली.

"मी एक गोष्ट लिहिली होती," तिलकधारी म्हणाला. "त्यात लिहिलं होतं की अशा माणसाला पाणी ओलांडून न्यायचं नाही."

डॉक्टर दारात थबकला. "तुम्ही ते मास्तर? रविवारी रेडिओवर येतात ते? माझी आई..." त्याचा चेहरा उजळायला लागला होता. मग मास्तर काय बोलला ते त्याच्या डोक्यात शिरलं, आणि चेहरा जिथे होता तिथे थांबला. तो आत गेला. दार हलत राहिलं.

शेवटच्या बोटीने बुधराम आला. अजून त्याच पांढऱ्या धोतरात, त्याला कमरेपर्यंत चिखल. भरतीची वेळ होती आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो कोकर दुसऱ्याच्या हाती सोपवून आला होता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघा भावांच्या मध्ये जसोदरा.

"आत आहे," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. समोरच्या भिंतीला सांगावं तसं तो म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"ती नाही ते. चाळीस वर्षं मी त्या झाडाखालून जातोय, उजेडात, अंधारात, पावसात. डचमन दोनदा दिसला. ती कधीच नाही. पहिल्या वर्षी मला पक्कं ठाऊक होतं की तिलक्याने रचलीय." त्याने तळवे पाहिले. "मग लोक यायला लागले. बुधराम महाराज म्हणायला लागले. मग मला नक्की ठाऊक नव्हतं. आणि बुधवारी पोर पोट धरून आली तेव्हा... तेव्हा मला वाटलं, आपण मनात हसलो म्हणून आली."

तिलकधारी काही बोलणार होता. जसोदराने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"दोघंही गप्प बसा," ती म्हणाली. "एकाने लिहिलं, एकाने वाढलं. मी सातही दिवस रांधणार होते. पोर उठू दे. उठली की तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

रविवारी सकाळी डॉक्टर बाहेर आला. वाचेल, म्हणाला, आणि पुढे जे तो म्हणाला त्यातलं कोणाला काही ऐकू आलं नाही. पोर झोपली होती तेवढ्यात तिलकधारीने नर्सकडून कागद मागून घेतला आणि साहेबांना पत्र लिहिलं, की बारावी गोष्ट माझी आहे, प्रस्तावना खोटी आहे, सोमवारी मी येत नाही. बाकी अकरा श्रीमती रुक्मिन यांच्या, हव्या असल्यास त्यांना बोलवावं. फुवा खांद्यावरून बघत होती. वाचता येत नव्हतं तरी बघत होती.

"जीपमध्ये पुढची सीट लागेल, लिही," ती म्हणाली. "मागं मला ओकारी येते."

त्याने लिहिलं.

दुपारी सुमिंत्राने डोळे उघडले. चेहरा मेणासारखा, पण डोळे तिचेच. आई उशाशी, बाप पायथ्याशी, चाचा मध्ये. तिने पायथ्याकडे पाहिलं, बापाच्या पलीकडे पाहिलं, खाटेच्या खाली पाहायचा प्रयत्न केला.

"ती गेली?"

जसोदरा दिराकडे बघत राहिली. बुधराम खाकरला, आणि नुसताच खाकरला.

"ती नव्हतीच, बेटी," तिलकधारी म्हणाला. त्याचा आवाज शाळेतला नव्हता, रेडिओवरचाही नव्हता. "मी रचली होती. पुस्तकाला एक गोष्ट कमी पडत होती. तुझ्या पोटात आतडं सुजलं होतं, ताप होता. बाई कधीच नव्हती. चूक माझी."

सुमिंत्रा त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावर आठी आली, आणि ती आठी पाहून जसोदराला रडू फुटलं, कारण रागवायला माणसात जीव लागतो.

"मग तीन दिवस मी कोणाशी बोलत होते?"

 बाहेर कोणी बादली ओढत होतं. बुधरामने डोळे मिटले. तिलकधारीने खुर्ची इंचभर पुढे ओढली, आणि तोंडातून शब्द निघून गेल्यावर त्याला समजलं की आपण काय विचारलंय.

"काय म्हणत होती ती?"

सुमिंत्राने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तू छापशील."